पाळण्याचं वय कसं मोजायचं?

वैशाख लागला की अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात पाळणे उभे राहतात. संत सखाराम महाराजांची यात्रा. दुपारी वाळू अशी तापते की चप्पल घालूनही चटका बसतो. ऊन कललं की त्याच वाळूत गोडशेवेची दुकानं, बांगड्यांच्या राशी, पिपाण्यांचा कलकलाट, आणि सगळ्याच्या वर दिव्यांच्या माळा लावलेला आकाशपाळणा. पलीकडच्या तीरावरून येताना सगळ्यात आधी तोच दिसतो. लहानपणी तो दिसला की आम्ही आईचा हात सोडून पळत सुटायचो.

गेल्या वर्षी त्याच पाळण्यावरून आमच्या घरात वाद झाला. जेवताना भाऊ म्हणाला, "तो सांगाडा आता काढून टाकायला हवा. रंग फासून फासून किती वर्षं चालवणार?" आप्पांचा घास हातातच राहिला. ते म्हणाले, "लग्नाच्या पहिल्या वर्षी तुझ्या आईला मी त्यातच बसवलं होतं." भाऊ म्हणाला, "म्हणून काय पोरीला बसवायचं त्यात?" माझी भाची दोघांकडे आळीपाळीने बघत होती, कारण दुसऱ्या दिवशी यात्रेला जायचं ठरलं होतं तिचंच.

मी शाळेत विज्ञान शिकवते. त्या रात्री मला जाणवलं की दोघं एकाच शब्दावरून भांडत होते, पण प्रत्येकाच्या तोंडी त्याचा अर्थ वेगळा होता. भावाच्या तोंडी 'जुना' म्हणजे झिजलेला, धोक्याचा. आप्पांच्या तोंडी 'जुना' म्हणजे ओळखीचा, आपला. पाळणेवाल्याला विचारलं असतं तर त्याच्या लेखी 'जुना' म्हणजे आता परवडत नाही तो. अमेरिकेत, युरोपात जिथे मोठमोठी मनोरंजन उद्यानं आहेत तिथेही हाच वाद पुन्हा पुन्हा पेटतो, आणि तिथेही बहुतेक वेळा हे सगळे अर्थ एकमेकांत गुंतलेले असतात. ते सोडवून पाहिले तर निम्मं भांडण आपोआप मिटतं.

पाळणा ही चीज मुळात किती जुनी? पीटर मंडी नावाचा एक इंग्रज प्रवासी १६२० मध्ये तुर्की साम्राज्यातल्या फिलिपोपोलिस या गावी होता. आज ते बल्गेरियातलं प्लोवदिव. तिथल्या सणात उभ्या चाकाला बसायच्या जागा टांगल्या आहेत आणि माणसं हाताने ते चाक फिरवताहेत, असं त्याने लिहून ठेवलं. हाच मंडी दहा वर्षांनी, १६३० मध्ये, सुरतेहून आग्र्याला निघाला तो बुऱ्हाणपूरच्या वाटेने, म्हणजे आपल्या खान्देशातून. ते भीषण दुष्काळाचं वर्ष होतं आणि वाटेवर दिसलेल्या मरणांच्या नोंदी त्याने करून ठेवल्या आहेत. पाळण्याचं इतकं जुनं वर्णन लिहिणारा माणूस त्या वर्षी आपल्याच मुलखातून गेला होता, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसून राहिले होते.

पोलादी अवाढव्य पाळणा आला तो १८९३ मध्ये, शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात. जॉर्ज फेरिस या इंजिनिअरने उभारलेला तो पाळणा २६४ फूट उंच होता. ३६ डबे, एकेका डब्यात ६० माणसं. इंग्रजीत पाळण्याला आजही त्याचंच नाव आहे. पण तो स्वतः जेमतेम १३ वर्षं टिकला. १९०६ मध्ये सुरुंग लावून तो पाडला. शिकागोचा पाळणा उभारल्यावर चार वर्षांनी, १८९७ मध्ये, व्हिएन्नात उभा राहिलेला पाळणा मात्र आजही फिरतोय. म्हणजे नुसत्या वर्षांनी काही कळत नाही. मग कशाने कळतं?

आधी पाळण्यात बसल्यावर आपल्याला काय होतं ते बघू. पाळणा वरून खाली यायला लागला की पोटात गोळा येतो. यात्रेतल्या पाळण्याचं उदाहरण घ्या. मधल्या आसापासून पेटीपर्यंतचं अंतर ८ मीटर आणि एक फेरी ८ सेकंदांत, असं धरू. गोल फिरणाऱ्या वस्तूला सतत केंद्राकडे ओढावं लागतं. हिशेब केला तर ही ओढ गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ निम्मी भरते. वर असताना ती तुमच्या वजनातून वजा होते, खाली असताना मिळवली जाते. त्यामुळे ५० किलोच्या माणसाला माथ्यावर आपण २५ किलोचे झालो असं वाटतं आणि तळाशी ७५ किलोचे. शरीर हलकं होतं तेव्हा पोटातली आतडीही हलकी होतात, आणि कानाच्या आत तोल सांभाळणारं जे नाजूक इंद्रिय आहे ते मेंदूला ओरडून सांगतं, पडतोयस! व्हिएन्नाचा पाळणा २०० फुटांहून उंच, पण एका फेरीला कित्येक मिनिटं घेतो. त्यात शहर बघता येतं, गोळा येत नाही. यात्रेतला पाळणा त्यापुढे बुटका, पण त्याच्या वेगामुळे काळजात धस्स होतं.

आता हाच हिशेब माणसाऐवजी पाळण्याच्या बाजूने करून बघा. पेटी ज्या दांडीला टांगलेली असते त्या दांडीवर प्रत्येक माणसामागे कधी २५ किलोंचा भार, कधी ७५ किलोंचा. दर आठ सेकंदांनी एक चढउतार. आरे म्हणजे आसापासून परिघापर्यंतच्या दांड्या, त्यांचं आणखी वेगळं. खाली असताना त्यांच्यावर ताण, वर गेल्या की दाब. तासाला ४५० फेऱ्या होऊ शकतात. माणसं चढण्याउतरण्यात निम्मा वेळ गेला असं धरलं तरी संध्याकाळच्या पाच तासांत हजारभर फेऱ्या सहज होतात. दहा दिवसांच्या यात्रेत दहा हजार. वर्षाला अशा दहा यात्रा केल्या, सारंगखेडा, शिरपूर, धुळ्याची एकवीरा, मुक्ताईनगर असं करत, की एक लाख. आणि दहा वर्षांत दहा लाख.

दहा लाख हा आकडा लक्षात ठेवा.

१८४२ च्या मे महिन्यात फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस अचानक तुटला. डब्यांना आग लागली, डब्यांची दारं बाहेरून बंद होती, ५० हून अधिक माणसं गेली. आसावर जास्तीचा भार नव्हता. रोजचाच भार होता, आणि रोज तो पेलला जात होता. मग त्या दिवशीच का तुटला? या प्रश्नाच्या मागे लागून जर्मनीतल्या ऑगस्ट व्योलर या रेल्वे इंजिनिअरने १८५० ते १८७० या काळात आसांचे तुकडे यंत्रावर फिरवून फिरवून तोडले आणि मोजले. त्याला कळलं की लोखंड थकतं. एका झटक्यात जेवढ्या भाराने ते तुटणार नाही, त्याच्या कितीतरी कमी भाराने ते लाखो वेळा वाकवल्यावर तुटतं. घरी याचा पडताळा घेता येतो. बांधकामाची सळई आवळायची तार हातात घ्या आणि एकाच जागी इकडून तिकडे वाकवत राहा. पहिल्या वाकवण्यात काही होत नाही, पाचव्यातही नाही, आणि मग कधीतरी हातातच तुटते.

पोलादाच्या बाबतीत व्योलरला आणखी एक दिलासा देणारी गोष्ट सापडली. भार एका ठरावीक मर्यादेच्या खाली ठेवला आणि तुकडा दहा लाख ते एक कोटी फेऱ्या तगला, तर तो पुढेही तगतो. म्हणूनच जाडजूड बांधणीची जुनी यंत्रं शंभर शंभर वर्षं चालतात. पण ही सवलत अखंड, गुळगुळीत, न गंजलेल्या पोलादाला आहे. वेल्डिंगचा सांधा, गंजाने पडलेला खड्डा, दुरुस्तीत घाईने पाडलेलं भोक, अशा ठिकाणी ताण गोळा होतो आणि भेग तिथूनच सुरू होते. तेव्हा पाळण्याचं वय मोजायचं ते फेऱ्यांत आणि भेगांत. भावाने वर्षं मोजली, आणि तिथेच तो चुकला.

माझे एक मामा भुसावळला रेल्वेत होते. गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन चाकांवर ठोकत जायचं, हे त्यांचं तरुणपणीचं काम. धड चाक खणखणीत वाजतं. तडा गेलेलं चाक बद्द वाजतं. बाजारात माठ घेताना आई बोटाच्या पेराने टिचकी मारून ऐकते ना, अगदी तेच. मामा म्हणायचे, "लोखंड बोलस भो, आयकता येवाले जोयजे." त्यांच्या घरी कपाटात एक तुटलेला बोल्ट होता, अंगठ्याएवढा जाड. लहानपणी मी तो हातात घेऊन बघत बसायचे. तुटल्या जागी अर्धा भाग गुळगुळीत होता आणि त्यावर शिंपल्यावर असतात तशा बारीक वळणदार रेघा होत्या. उरलेला अर्धा खडबडीत, गुळाची ढेप फोडल्यासारखा. त्यांनी समजावलं होतं की रेघांचा भाग म्हणजे भेग हळूहळू पुढे सरकत होती तो सगळा काळ, आणि खडबडीत भाग म्हणजे शेवटचा एक क्षण. त्या बोल्टने कितीतरी काळ भेग घेऊनच काम केलं होतं आणि वरून बघणाऱ्या कोणालाही ते दिसलं नव्हतं.

दिसत नाही म्हणून तर तपासणी लागते. सगळ्यात साधी पद्धत अशी. सांध्यावरचा रंग खरवडून काढायचा, लाल रंगाचं पातळ द्रव लावायचं, थोड्या वेळाने पुसून टाकायचं आणि वर पांढरी भुकटी फवारायची. भेग असेल तर आत मुरलेला लाल रंग पांढऱ्यावर केसासारखा उमटतो. त्याहून खोल बघायचं असेल तर पोटाची सोनोग्राफी करतात तशी पोलादाची ध्वनिलहरींनी तपासणी करतात. आसासारखा जाड भाग असाच बघावा लागतो. यातली अडचण एकच, आणि भावाचं बोलणं मला पटलं ते इथेच. यात्रेच्या आधी पाळण्याला रंग दिला जातो, जुन्या रंगावर नवा थर. रंग जितका जाड तितकी भेग झाकलेली. झगमगीत दिसणारा पाळणा तपासायला सगळ्यात कठीण.

यात्रेतल्या पाळण्याचं एक दुखणं एका जागी उभ्या असलेल्या मोठ्या उद्यानांना नसतं. दर दहा-पंधरा दिवसांनी तो सगळा उकलून ट्रकवर चढतो आणि पुढच्या गावी पुन्हा जोडला जातो. प्रत्येक उकलण्याजोडण्यात बोल्टचे आटे थोडे झिजतात, पिना सैल होतात, गोल भोकं लांबट होतात. एखादी छोटी पीन हरवते आणि तिच्या जागी तार वळून बसवली जाते. खाली नदीची वाळू. पाया म्हणून लाकडी ठोकळे रचतात, आणि एका बाजूचे ठोकळे बोटभर दबले की आस तिरका होतो आणि सगळा भार एकाच टोकाच्या बेअरिंगवर येतो. माणसं बसवण्यातही शास्त्र आहे. चांगला पाळणेवाला एक पेटी भरली की लगेच शेजारची भरत नाही, चाक अर्धं फिरवून समोरची भरतो. लहान असताना मला वाटायचं तो मुद्दाम आपल्याला ताटकळत ठेवतो. तो तोल सांभाळत असतो.

याउलट नवं म्हणजे निर्धोक, असंही नाही. जुलै २०१९ मध्ये अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळच्या उद्यानात लंबकासारखा झुलणारा मोठा पाळणा चालू असताना तुटला आणि दोघांचा जीव गेला. ते आधुनिक धाटणीचंच यंत्र होतं.

आणि नवं म्हणजे टिकाऊ, असंही नाही. अमेरिकेत न्यू जर्सीच्या उद्यानात 'किंगडा का' नावाचा रोलरकोस्टर २००५ मध्ये सुरू झाला. ४५६ फूट उंच, तेव्हा जगात सगळ्यात उंच. दाबाखालच्या तेलाच्या जोरावर गाडी साडेतीन सेकंदांत ताशी २०६ किलोमीटर वेग घ्यायची. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो सुरुंग लावून पाडण्यात आला. वीस वर्षंही पुरी झाली नव्हती. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या टिव्होली उद्यानात मात्र १९१४ चा लाकडी रोलरकोस्टर अजून धावतो आणि त्याच्या प्रत्येक गाडीत ब्रेक लावणारा माणूस स्वतः बसलेला असतो. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडमधला 'सायक्लोन' १९२७ चा. १९७० च्या दशकात शेजारच्या मत्स्यालयाला जागा हवी होती म्हणून तो पाडायचं घाटत होतं. लोक आडवे आले, तो वाचला, आणि १९८८ मध्ये शहराने त्याला वारसा म्हणून संरक्षण दिलं.

शंभरीतला टिकतो आणि विशीतला पडतो, याचं कारण लाकडी सांगाड्याच्या दुरुस्तीत आहे. त्यातली कुजलेली फळी काढून सुतार नवी बसवतो. दरवर्षी थोडी थोडी. काही वर्षांनी जवळजवळ सगळं लाकूड बदललेलं असतं आणि तरी तो तोच असतो. अचाट वेगाच्या नव्या यंत्राचे पंप, झडपा, त्यांना चालवणारा संगणक हे सगळं एकाच कारखान्याकडून यावं लागतं. तो सुटा भाग मिळेनासा झाला की गावातला कुठलाही कारागीर हात लावू शकत नाही. व्हिएन्नाचा पाळणा १९४४ मध्ये युद्धात जळाला होता. १९४७ मध्ये पुन्हा सुरू झाला तेव्हा सांगाड्याला भार नको म्हणून ३० ऐवजी १५ डबेच लावले. म्हणजे त्यांनी पाळण्याची थकलेली ताकद ओळखून त्याच्यावरचं ओझं कमी केलं. घरातल्या म्हाताऱ्या बैलाला आपण असंच वागवतो.

जळगावकरांना हे मुद्दाम सांगायची गरज नाही. १८७२ मध्ये अप्पा महाराजांनी सुरू केलेला श्रीराम रथोत्सव आजही कार्तिकी एकादशीला निघतो. तो उंच लाकडी रथ दाटीच्या गल्ल्यांतून लोक हातांनी ओढतात आणि चाकाखाली मोगरी, म्हणजे लाकडी ठोकळा, लावून तो वळवतात, थांबवतात. मोगरी लावणं हे जिवाचं काम आहे. नजर आणि हात दोन्ही जागे लागतात. तिथे रथ जुना झाला, टाकून द्या, असं कोणी म्हणत नाही. आणि रथ पूज्य आहे म्हणून चाक न बघताच ओढा, असंही कोणी म्हणत नाही. जिव्हाळा आणि देखभाल तिथे हातात हात घालून चालतात. पाळण्याच्या वाट्याला जिव्हाळा भरपूर येतो, देखभालीचं कोणी विचारत नाही.

आता आप्पांच्या 'जुना'कडे वळते. भाऊ ज्याला भावनिकपणा म्हणून झटकत होता ते मला झटकता येत नाही. मराठीत याला फार सुंदर शब्द आहे, स्मरणरंजन. युरोपात या भावनेला नाव मिळालं ते आजार म्हणून. १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने, घरापासून लांब राहून झुरणाऱ्या स्विस माणसांची अवस्था वर्णन करायला 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द घडवला. मानसशास्त्र आज त्याला आजार मानत नाही. उतारवयात माणसाला सगळ्यात जास्त आणि सगळ्यात ठळक आठवतं ते साधारण दहा ते तीस या वयातलं, हे अनेक अभ्यासांतून दिसलं आहे. पहिल्यांदा घडलेल्या गोष्टी त्याच वयात दाटीने येतात. आणि पाळणा तर नुसता डोळ्यांनी बघायचा नसतो. पोटातला गोळा, डिझेलचा वास, शेजारच्याने घट्ट धरलेलं मनगट. सगळं शरीर एकाच वेळी ते साठवून ठेवतं.

आपल्याकडे तर त्याला आणखी एक पदर आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोका बांधतात, उंच उंच झोके घेत गाणी म्हणतात. आठवड्याभरात यात्रा. माझ्या आईच्या पिढीतल्या कितीतरी बायकांसाठी वर्षातली मोकळी हवा तेवढीच होती, एक निंबाचा झोका आणि एक यात्रेतला पाळणा. नवऱ्याच्या शेजारी चारचौघांत बसायची मुभाही तिथेच. आप्पा ज्या लोखंडाबद्दल हळवे होतात त्यात हे सगळं आहे.

पण आठवण लोखंडात असते का, हे मात्र प्रामाणिकपणे विचारायला हवं. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या उद्यानात एका बेडकाच्या गोष्टीवरची जुनी सफर १९९८ मध्ये बंद झाली तेव्हा लोक हिरवे शर्ट घालून निषेधाला जमले होते. त्याच उद्यानातली पाण्यात झेप घेणारी 'स्प्लॅश माउंटन' जानेवारी २०२३ मध्ये बंद झाली तेव्हा काही जणांनी तिथलं पाणी बरणीत भरून विकायला काढलं. लोकांना आठवणीचं काहीतरी हातात धरायचं असतं. ती सफर बंद झाली ती मात्र झिजली म्हणून नव्हे. १९४६ च्या ज्या चित्रपटावर ती बेतली होती त्यातलं कृष्णवर्णीयांचं चित्रण अपमानकारक आहे, हे वर्षानुवर्षं बोललं जात होतं. रूळ, पाण्याचा प्रवाह, ती उंच झेप तशीच ठेवून गोष्ट बदलली आणि २०२४ मध्ये ती नव्या नावाने सुरू झाली. तरी पुष्कळ लोक हळहळले. आज दहा वर्षांचं असलेलं मूल वीस वर्षांनी त्या नव्या सफरीसाठी हळहळेल.

काळाशी न जुळणारं काढून टाकावं लागतं, आणि आपण तेही केलेलं आहे. यात्रेत सर्कशीचे तंबू लागायचे, त्यात वाघ, सिंह, अस्वलं. १९९८ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून अशा प्राण्यांचे खेळ बंद केले आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी कायम ठेवली. मला स्वतःला वाघाची डरकाळी तंबूबाहेरून ऐकल्याचं अजून आठवतं, अंगावर काटा येतो. तरी तो वाघ परत यावा असं मला एकदाही वाटलेलं नाही. आठवण जपता येते आणि ती गोष्ट गेली हे बरं झालं, असंही म्हणता येतं.

पाळणेवाल्याचा 'जुना' थोडक्यात सांगते, कारण तो सरळ पैशाचा आहे. जागेचं भाडं, ट्रकचं भाडं, डिझेल, चार-पाच माणसांची मजुरी, आणि हे सगळं दहा संध्याकाळी वसूल करायचं. त्यातली एक वळवाच्या पावसात गेली तर गेलीच. तासाला जास्त माणसं फिरवणारं आणि जास्त तिकीट लावता येणारं यंत्र जागा पकडतं, आणि कडेला ढकलला जातो तो चार पेट्यांचा, हाताने फिरवायचा लाकडी पाळणा. आमच्या लहानपणी तो हमखास असायचा. पाळणेवाला एक पाय आऱ्यावर देऊन लोंबकळायचा आणि आपल्याच वजनाने पाळण्याला गती द्यायचा. त्याचा वेग कमी, उंची कमी, सांगाडा सुताराच्या हातातला. दीड वर्षाचं नातवंड मांडीवर घेऊन आजीला बसता येईल असं यात्रेत तेवढं एकच वाहन होतं. आता तो शोधावा लागतो. मला विचाराल तर वाद घालायचाच तर याच्यासाठी घालावा. नगरपालिकांनी, ग्रामपंचायतींनी अशा हातपाळण्यांना कडेची थोडी जागा बिनभाड्याने द्यावी. मोठ्या पोलादी पाळण्यांसाठी मात्र हळवेपणा अजिबात नको. रंग खरवडून सांधे तपासले असतील तर तो पन्नास वर्षांचा असला तरी फिरू द्या. तपासले नसतील तर पाच वर्षांचा असला तरी थांबवा, आणि माझ्या आईवडिलांच्या लग्नाची आठवण त्यात असली तरी थांबवा.

आप्पांना आणि भावाला मी हेच सांगितलं. भाऊ म्हणाला, "मग उद्या तूच बघून ये."

दुसऱ्या दिवशी ऊन उतरायच्या आधीच मी भाचीला घेऊन गेले. गर्दी नसताना बरंच काही दिसतं. ठोकळे एका पातळीत होते. पिनांना पिनाच होत्या, तारा नव्हत्या. दोन-तीन सांध्यांवरचा रंग खरवडलेला होता आणि तिथे लोखंड उघडं दिसत होतं. ते बघून मला बरं वाटलं. रिकामा पाळणा एक फेरी फिरवायला सांगितला आणि दोघींनी कान देऊन ऐकलं. एका सुरात घरघर, मध्येच खट् असा आवाज नाही. तपासणीचा दाखला विचारला तर पाळणेवाल्याने तिकिटाच्या खिडकीमागून प्लास्टिकमध्ये घातलेला कागद काढून दिला. मी तारीख वाचली. त्याच वर्षाची होती. तो म्हणाला, "ताई, असं कोणी विचारत नाही." त्याच्या आवाजात राग नव्हता.

आम्ही बसलो. त्याने अडकवणीची दांडी लावली, स्वतः दोनदा ओढून बघितली आणि चाक अर्धं फिरवून समोरच्या पेटीत दुसरं कुटुंब बसवलं. वर गेल्यावर बोरीचं कोरडं पात्र, वाडीचं देऊळ आणि घराघरांवरच्या पाण्याच्या टाक्या दिसल्या. खाली येताना भाचीने माझं मनगट घट्ट धरलं आणि डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत राहिली. मला वाटलं देवाचं नाव घेतेय. उतरल्यावर विचारलं तर म्हणाली, "मावशी, एकवीस झाल्या. तू म्हणाली होतीस ना, फेऱ्या मोजायच्या."